वाडीतली पोरं नशेला लागायच्या आधी गाठायची कशी? कोकणातल्या गावासाठी पायरीपायरीने कामाची पद्धत

ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्या दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली होती ते बऱ्याच जणांना आठवत असेल. कर्दे, लाडघर, केळशी, सगळीकडे कस्टमवाले आणि पोलीस किनारा पिंजून काढत होते आणि गावात दोन आठवडे दुसरा विषयच नव्हता, जो तो समुद्राकडे बघत बसलेला. त्याच पंधरवड्यात आमच्या वाडीतल्या सहावीतल्या एका पोराच्या दप्तरात त्याच्या आजीला माव्याची पुडी सापडली. ती काय समुद्रातून आली नव्हती, शाळेच्या वळणावरच्या टपरीतून आली होती, आणि टपरीवाला आमच्यातलाच, पोराला ओळखणारा, त्याच्या बापाला मुंबईला फोन करून खुशाली विचारणारा माणूस. तेव्हापासून आम्ही काही जण या कामात आहोत. पहिल्या वर्षी बरंच चुकलो, नंतर थोडं जमायला लागलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय, कोणाला आपल्या गावात सुरू करायचं असेल तर आमच्या चुका तरी वाचतील.

आधी वयाचं बोलू, कारण सगळं तिथेच ठरतं. आपण जागे होतो ते पोरगं सतरा-अठराचं झाल्यावर, गाडी चोरली किंवा गांज्यासकट सापडला की मग. पण सुरुवात दहा ते चौदा या वयात झालेली असते, तंबाखू, मावा, कोणाच्या तरी ग्लासातला उरलेला घोट. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हॉकिन्स आणि कॅटालानो या दोन संशोधकांनी यावर गावपातळीची एक पद्धत बसवली, 'कम्युनिटीज दॅट केअर' नावाची. २००३ पासून सात राज्यांतल्या २४ गावांमध्ये तिची चाचणी झाली, निम्म्या गावांत पद्धत वापरली, निम्म्यांत नाही, कुठल्या गावात वापरायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं आणि पाचवीपासूनची चार हजारांवर मुलं वर्षानुवर्षं बघितली. आठवीपर्यंत पोचताना पद्धत वापरलेल्या गावांतली मुलं दारू सुरू करण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी, सिगरेट सुरू करण्याची ३३ टक्क्यांनी आणि चोरीमारी-मारामारीत पडण्याची २५ टक्क्यांनी कमी निघाली. तिकडचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होतील असं मी म्हणत नाही. पण पद्धतीचा गाभा साधा आहे: आधी आपल्याच गावाची माहिती काढा, त्यातली दोन-तीनच कारणं निवडा, त्यांच्यावर नेटाने काम करा, परत मोजा. तोच धागा धरून आम्ही कोकणातल्या गावाला जमेल असं काहीतरी बसवलं.

पायरी १: माणसं जमवा, पण सगळं गाव नको

सुरुवातीला आठ-नऊ जण पुरे. आमच्यात आशाताई, अंगणवाडी सेविका, एक गुरुजी, पोलीस पाटील, मच्छीमार सोसायटीतले एक काका, बचत गटातल्या दोन बायका आणि वीस-बावीसची दोन पोरं आहेत. पोरं हवीतच, कारण कुठे काय चालतं ते त्यांनाच माहीत असतं, आपण फक्त अंदाज करतो. आणि मुंबईत राहणाऱ्या आपल्या गावकऱ्यांच्या मंडळातला एक जण फोनवर का होईना पण ठेवा, कारण निम्म्या पोरांचे बाप तिकडेच आहेत.

नवीन समिती काढायची गरज नाही. गावात कागदावर ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी, सरपंच तिचे अध्यक्ष असतात आणि मुलांचे प्रतिनिधीसुद्धा तिच्यात घ्यायचे असतात. ग्रामसेवकाला विचारा, बहुतेक ठिकाणी ती फाईलमध्ये झोपलेली असते. तिला उठवलं की पत्रव्यवहाराला वजन येतं, शाळा आणि पोलीस दोघंही ऐकतात.

वेळ मात्र जपून निवडा. गणपतीत चाकरमानी आलेत म्हणून मीटिंग लावली तर भाषणं होतात, काम होत नाही. लावणी उरकल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले, शेतावरची घाई संपलेली असते आणि दर्यावरची माणसं पण घरी सापडतात. राजकारण बाहेर ठेवायचं हे पहिल्याच बैठकीत मोठ्याने बोलून घ्या, बॅनरवर कोणाचा फोटो नाही म्हणजे नाही. आमच्याकडे पहिल्याच महिन्यात बॅनर लागला होता, व्यसनमुक्त गाव असं लिहिलेला, आणि त्यावरच्या फोटोंवरून दोन वाड्या चार महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या.

पायरी २: गावाची माहिती काढा (ही गाळू नका, प्लीज)

सगळ्यांना वाटतं आम्हाला माहीत आहे. आम्हालाही वाटायचं, आणि आम्ही गांजा गांजा करत बसलो होतो.

यात दोन कामं. पहिलं, सहावी ते दहावीच्या मुलांकडून निनावी प्रश्नावली भरून घ्या. पालकांना आधी कळवा, नको म्हणतील त्यांचं मूल सोडा. नाव नाही, हजेरी नंबर नाही, सगळ्यांना एकाच रंगाचं पेन, आणि लिहिताना गुरुजी वर्गाबाहेर. कागद घडी करून कुलूप लावलेल्या पेटीत टाकायचा. प्रश्न सोपे ठेवा: गेल्या महिन्यात तंबाखू, मावा, सिगरेट, व्हेप, दारू, गांजा, सोल्यूशन (पंक्चर चिकटवायचं, पोरं हुंगतात ते) यातलं काही घेतलंस का, पहिल्यांदा घेतलंस तेव्हा किती वर्षांचा होतास, कुठून मिळालं, मागितलं तर सहज मिळतं का, घरातल्यांना कळलं तर काय होईल, संध्याकाळी कुठे असतोस, अडचण आली तर सांगशील असा एक तरी मोठा माणूस आहे का. या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं वाचताना आमच्यातल्या दोघींना रडू आलं होतं. आपल्या शाळा छोट्या, एका वर्गात आठ-दहा पोरं, त्यामुळे वर्गवार आकडे काढले की कोण ते लगेच ओळखू येतं, म्हणून दोन-तीन शाळांचे कागद एकत्र करूनच मोजा. आणि मोजून झाले की कागद जाळा.

दुसरं काम पायी चालायचं. वाडीचा नकाशा हाताने काढा आणि पोरं कुठे, किती वाजता जमतात ते त्यात भरा. आमच्याकडे काय निघालं ऐका. मुंबईकरांची बंद घरं, ज्यांच्या मागच्या पडवीत कोणी वर्षभर फिरकत नाही. सड्यावरची बंद पडलेली चिरेखाण. जेटीच्या मागे बर्फाच्या शेडजवळ. सीझन संपलेल्या आंब्याच्या बागेतलं राखणीचं खोपट. आणि वेळ जवळजवळ एकच, शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत, जेव्हा आजी गोठ्यात आणि आई मच्छी विकायला किंवा कामावर.

आमच्या कागदांत सगळ्यात वर मावा-तंबाखू होती, मग बियर, ती पण बऱ्याचदा घरच्या कार्यक्रमातली. गांजा खाली होता, पण होता. सोल्यूशनचं नाव आलं तेव्हा आमचा विश्वास बसेना. खरं तर एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी सर्व्हेत (अहवाल २०१९ चा) हुंगायची नशा हा एकच प्रकार असा निघाला होता जो मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त, मुलांत १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८. पंक्चरच्या दुकानात, स्टेशनरीत मिळणाऱ्या वस्तू, कोणाला शंका येत नाही.

पायरी ३: दोन किंवा तीनच कारणं धरा

पोरगं नशेकडे किंवा गुन्ह्याकडे ढकलणाऱ्या गोष्टी बऱ्याच असतात, सहज मिळणं, मोठ्यांनी त्यात काही वावगं न मानणं, घरात लक्ष ठेवायला कोणी नसणं, शाळेत मागे पडणं, दोस्त तसले असणं. आणि थोपवून धरणाऱ्या पण असतात: एखाद्या मोठ्या माणसाशी घट्ट नातं, काहीतरी जबाबदारीचं काम, ते करायचं कसब, आणि केल्यावर कोणीतरी दखल घेणं. सगळ्यावर एकदम हात घातला तर काहीच होत नाही. आम्ही तीन धरली: टपरी, संध्याकाळचे अडीच तास, आणि दहावीनंतरची पोरं.

तिसऱ्याबद्दल थोडं बोलतो. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, आपण पेढे वाटतो, आणि मग ज्याला कॉलेज लांब पडतं किंवा परवडत नाही तो पंधरा-सोळाचा पोरगा अठरा पूर्ण व्हायची वाट बघत गावात बसून असतो, कधी बोटीवर खलाशी, कधी आंब्याच्या पेट्या भरायला, कधी पर्यटकांच्या मागे. शाळा संपल्यामुळे शाळेचा डोळा नाही आणि कमावतो म्हणून घरचा धाक नाही. आमच्या तालुक्यात पुढे जे पोलिसांत गेले त्यातले मला माहीत असलेले सगळे या दोन-तीन वर्षांत घसरलेले आहेत. म्हणून आता निकालाच्या आठवड्यातच समितीतला एकेक जण अशा एकेका पोराला वाटून घेतो, आयटीआयचा फॉर्म, बसचा पास, जे लागेल ते, आणि महिन्यातून दोनदा त्याच्याशी बोलणं.

पायरी ४: प्रत्यक्ष काम

टपरी. कायदा आपल्या बाजूने आहे. २००३ च्या तंबाखू कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्यांना तंबाखूची विक्री बंद आहे आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटर, विक्रीच करता येत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, व्हेप-ई-सिगरेटवर देशात २०१९ पासून. आणि बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ वाचून दाखवा, मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. टपरीवाल्याला हे माहीतच नसतं. आम्ही टेप घेऊन त्याच्याच समोर अंतर मोजलं, चहा त्याच्याकडेच प्यायलो आणि सांगितलं की तुझं पोट मारायचं नाही, टपरी वळणाच्या पलीकडे घे, आम्ही चार जण उचलून देतो. त्याने महिनाभर तोंड फिरवलं, मग सरकवली. पण जो गांजा किंवा एमडी (मेफेड्रोन) विकतो त्याच्या दारात समितीने जायचं नाही, अजिबात नाही, हे काम पोलिसांचं. ११२ वर किंवा अमली पदार्थांसाठीच्या १९३३ या मानस हेल्पलाईनवर कळवा. किनाऱ्यावर संशयास्पद पाकीट दिसलं तरी तेच, हात लावायचा नाही, उघडायचं नाही, फोटोसाठी पोरं गोळा करायची नाहीत, जागा लक्षात ठेवून फोन करायचा.

घरचं वळण. टपरीपेक्षा हे अवघड. "जा रे, नाक्यावरून तंबाखू घेऊन ये" हे आपण लहानपणापासून ऐकलंय आणि त्यातच पोराला कळतं की ही वस्तू म्हणजे मीठ-मिरचीसारखीच. बचत गटाच्या बायकांनी यात सगळ्यात जास्त काम केलं, घरोघरी एवढंच ठरवून घेतलं की पोराला तंबाखू-दारू आणायला पाठवायचं नाही, मग भले आजोबा रागावोत. शिमग्यात पालखी घरी येते तेव्हा आणि गणपतीत रात्री जागरणाला पोरांसमोर बाटली नाही, हे गावकीत मानकऱ्यांकडून वदवून घेतलं. पूर्ण पाळलं गेलं असं नाही म्हणणार, पण आडोशाला गेले, तेवढाही फरक पडतो. आइसलँडमध्ये १९९८ ला पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के गेल्या महिन्यात दारूने झिंगलेली होती, २०१६ ला ती ५ टक्क्यांवर आली, आणि त्यांनी केलेल्या गोष्टींत पालकांनी एकमेकांशी लेखी करार करणं, मुलांना रात्री ठराविक वेळेनंतर बाहेर न ठेवणं आणि खेळ-कलेसाठी पैसे देणं या मोठ्या होत्या. आमच्या कराराचा कागद एका पानाचा आहे. मुंबईतल्या बापांच्या सह्या व्हॉट्सअॅपवर घेतल्या आणि त्यांना एक काम दिलं, रोज रात्री पोराला व्हिडिओ कॉल, अभ्यास झाला का एवढंच न विचारता आज कोणाबरोबर होतास, काय केलंस हे विचारायचं.

संध्याकाळचे अडीच तास. नुसतं मैदान देऊन भागत नाही, जबाबदारी द्या. आमच्याकडे नमन-खेळे आहेत, जाखडी आहे, पण सगळं चाळिशीतल्या लोकांच्या हातात, पोरं फक्त बघे. आता मृदंग, झांजा, सोंगांची पेटी सांभाळणं बारा-तेराच्या पोरांकडे दिलंय, आठवड्यातून तीन दिवस तालीम, एका बंद घराच्या खळ्यात, मालकाने मुंबईहून परवानगी दिली, त्यामुळे ती एक जागा पण उजेडात आली. वेळास-आंजर्ल्याला कासवांच्या घरट्यांची राखण चालते तसं काम किनाऱ्याच्या गावात पोरांना फार आवडतं, अंडी किती, पिल्लं किती गेली, वहीत लिहायचं. मुलींना विसरू नका, आमच्या पहिल्या वर्षीच्या सगळ्या कार्यक्रमांत मुली फक्त स्वागतगीताला होत्या, आता कबड्डीच्या दोन टीम त्यांच्या आहेत.

आणि हे नीट वाचा: बिघडलेली म्हणून ठरवलेली पोरं वेगळी काढून त्यांचा एक ग्रुप करू नका. असे ग्रुप केल्यावर पोरं एकमेकांकडून जास्तच शिकतात, वाढतात, असं परदेशातल्या अभ्यासांत दिसलंय. त्यांना चांगल्या घोळक्यात एकेक करून मिसळा.

शाळेत वर्षातून एकदा २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, भाषण, कवटीचे फोटो, तुरुंगाची भीती, याचा उपयोग होत नाही. पोरांना तुरुंग दाखवून घाबरवण्याच्या कार्यक्रमांनंतर गुन्हे उलट वाढल्याचं आढळलंय. त्यापेक्षा आठवड्याला एक तास असे दहा-बारा तास, ज्यात मित्राने पुडी पुढे केल्यावर त्याच्याशी न भांडता नाही कसं म्हणायचं याचा सराव, अक्षरशः नाटुकलं करून.

पर्यटनवाले. होमस्टे, शॅक, वॉटर स्पोर्ट्स यांच्या मालकांशी सीझनच्या आधी बोला. गेस्ट लोक तिथल्या पोराला हळूच विचारतात, "माल मिळेल का रे?", शंभराची नोट पुढे करतात, आणि पोरगं नकळत पोचवणारा होतो. मुलाचा असा वापर करणं त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, शिक्षा ७७ इतकीच. मालकाने गेस्टला आधीच स्पष्ट सांगायचं, बस.

पायरी ५: एखादं पोरगं आधीच घेत असेल तर

इथे आमच्या हातून जे झालं ते सांगतो. सतराचा एक पोरगा, बोटीवरच्या जाळ्याची शिसं चोरून विकताना सापडला, खिशात गांजा. गावकीत उभा केला, सगळ्यांसमोर, त्याच्या आईला पण बोलावलं, मी पण तिथे होतो आणि गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी तो गाव सोडून गेला. दोन वर्षं झाली, आईला फोन येतो अधूनमधून, गावात नाही आला. त्यानंतर आम्ही लिहून ठेवलंय की अठराखालचं कुठलंही पोर गावकीत उभं करायचं नाही.

कायदाही हेच सांगतो. अठराखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यायचं असतं, पोलीस स्टेशनला बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यांच्याशी बोला, आणि मुलाचं नाव-फोटो कुठेही द्यायचं नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच. अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे नशा करणारा किंवा थोड्या प्रमाणात बाळगणारा माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि तो पूर्ण केला तर खटल्यातून संरक्षण मिळतं. हे आईबापांना सांगा, पोलीस पकडतील या भीतीने ते लपवत बसतात.

बोलायचं कोणी? ज्याचं पोर ऐकतं त्याने, मग तो मामा असो की कबड्डीचा दादा. एकट्याला घेऊन, नशेत नसताना, "मला काळजी वाटते" इथून सुरुवात. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे, मन अस्वस्थ असेल तर टेलिमानस १४४१६, मुलावर अत्याचार होत असेल तर १०९८. उपचारासाठी आधी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय, तिथे फोन करून काय करावं एवढं विचारलं तरी दिशा मिळते.

दोन धोके लक्षात ठेवा. सोल्यूशन हुंगलेल्या पोराच्या मागे धावू नका, ओरडून दचकवू नका, त्या अवस्थेत एकदम धावपळ झाली तर हृदयाचे ठोके बिघडून जागच्या जागी जीव जाऊ शकतो, शांतपणे मोकळ्या हवेत बसवा. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, १०८ ला फोन. आणि रोज भरपूर दारू पिणाऱ्याला घरी कोंडून एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात, ते डॉक्टरच्या नजरेखालीच.

पायरी ६: परत मोजा

वर्ष-दोन वर्षांनी तेच प्रश्न, त्याच पद्धतीने. पहिल्या वेळेला आकडा वाढलेला दिसला तर घाबरू नका, कधी कधी पोरांचा विश्वास बसल्यामुळे ती खरं लिहायला लागतात. निकाल ग्रामसभेत ठेवा, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या, म्हणजे ग्रामपंचायत आराखड्यात तालमीसाठी आणि मैदानाच्या लाईटसाठी थोडे पैसे मागता येतात. आमच्याकडे लाईटच्या खांबाला दीड वर्ष लागलं, मागत राहावं लागतं.

या वर्षीची दुसरी प्रश्नावली गणपती उरकल्यावर आहे. पेटीची किल्ली यावेळी गुरुजींकडे नाही, आशाताईंकडेही नाही, शेजारच्या गावातल्या नर्सबाईंकडे ठेवलीय. पोरांनीच तसं सुचवलं होतं.